बुटांच्या दुकानाची दारं

१

लोकांना वाटतं, इमारत पाडायची म्हणजे पोकलेन आणायचं आणि घालायची बकेट भिंतीत. झेफेरिनो रापोझोसमोर कोणी असं म्हणालंच, तर त्या माणसाची धडगत नसे. "आधी दारं!" तो ओरडायचा. "आधी दारं, मग बाकी सगळं."

गॅस, वीज, पाणी तोडून झालं की त्याची माणसं एकूण एक दारं बिजागऱ्यांतून उतरवत आणि मागच्या आवारात रचून ठेवत. जुन्या लाकडाला गिऱ्हाईक असतं, हे झालं वरवरचं कारण. खरं कारण वेगळं होतं. हॅमिल्टन शहराच्या थंडीत रिकाम्या इमारतीत कोण कधी शिरून झोपेल याचा नेम नसतो. दार असलं की त्यामागे माणूस असू शकतो. दारच नसलं की खोली एका नजरेत दिसते.

मग शेवटची फेरी. ती कायम झेफेरिनोचीच. आवारातली सगळी इंजिनं बंद करायची, कोणी बोलायचं नाही, शिंक आली तरी दाबायची. तो वरच्या मजल्यापासून सुरुवात करी, प्रत्येक खोलीत उभा राहून हाक मारी, "कोणी आहे का आत?" आणि कान देऊन ऐकत राही. बाहेर आला की पोकलेनच्या पत्र्यावर तळहात टेकवून, मशीनवरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगे, "रिकामी आहे." वॉकीटॉकीवर नाही, हाताच्या खुणेनं नाही. तो शब्द तोंडातून येईपर्यंत बकेट हवेतच राहायची. अझोर्स बेटांवरून आलेली ही मंडळी एरवी कशाचीही थट्टा करत, पण या फेरीची करत नसत.

त्या वर्षी मशीनवर बसणार होती त्याची मुलगी वानिया. परीक्षा पास होऊन, लायसन्स घेऊन, दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली घालवून ती आता पहिल्यांदा एकटीनं इमारत पाडणार होती. झेफेरिनोला अभिमान तर होताच, पण त्याची झोपही उडाली होती. कारण सरळ होतं. आपण "रिकामी आहे" म्हटलं आणि ती नसली, तर हात आपला नसणार, पोरीचा असणार. आणि असलं काही हाताला लागलं की ते मरेपर्यंत धुऊन निघत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

२

किंग स्ट्रीटवरून नवी ट्राम जाणार होती आणि तिच्या थांब्यासाठी एका रांगेतली तीन दुकानं पाडायची होती. पहिलं लाँड्रीचं, दुसरं टॅटू काढणाऱ्याचं. ती दोन्ही जुन्या माणसांनी आधीच्या आठवड्यात जमीनदोस्त केली होती. तिसरं बुटांचं. ते वानियासाठी ठेवलं होतं, कारण ते आता एकटंच उभं होतं, शेजारची भिंत सांभाळायची कटकट नव्हती. खाली दुकान, वर दोन मजल्यांवर कधीकाळची छोटी छोटी ऑफिसं. दुकान कितीतरी वर्षं बंद होतं. शेवटचा मालक कोण होता, ते विचारायला गल्लीत कोणी उरलंही नव्हतं.

दारं नॉर्बेर्तोनं उतरवली. नॉर्बेर्तो म्हणजे झेफेरिनोचा गाववाला, तोंडानं फाटका आणि हातानं सोन्यासारखा. "इतकी दारं?" तो घाम पुसत म्हणाला होता. "हे बुटांचं दुकान होतं का चर्चमधल्या कबुलीजबाबाच्या खोल्या?"

गुरुवारी दुपारी जेवणाची सुट्टी झाली. झेफेरिनो चोरीसो सॉसेज घातलेला पाव खात खात वरच्या मजल्यावर गेला, छताचं प्लास्टर कुठे सुटलंय का बघायला. बाहेर बर्फ वितळत होतं. खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं, त्यातल्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या आत आलेल्या. मागच्या खोलीत छत ठीक होतं. तो जिन्याकडे वळला.

मागे दार लागलं.

आपटलं नाही. आपटलं असतं तर त्यानं वळूनही पाहिलं नसतं, रिकाम्या इमारतीत काहीबाही आपटतच असतं. हे दार कोणीतरी हलक्या हातानं ओढून घेतलं होतं. लाकूड चौकटीत बसल्याचा दबका आवाज, मग लॅच पडल्याची टक, आणि त्यानंतर मूठ एकदा हलवून बघितल्याचा आवाज. नीट लागलंय ना, म्हणून आपण रात्री झोपायच्या आधी बघतो तशी.

झेफेरिनोच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. त्यानं वळून पाहिलं. चौकट उघडीच होती. बिजागऱ्या काढलेल्या जागी लाकडाचे फिक्के चट्टे दिसत होते. पलीकडे तीच खोली, तेच छत, तीच उजेडाची पट्टी जमिनीवर.

३

"वारा," नॉर्बेर्तो म्हणाला.

"वारा दार लावेल. नसलेलं दार कसं लावेल?"

"मग आवारातली दारं घसरली असतील. रचलीत ना ढीग करून."

झेफेरिनोनं तेही पाहिलं होतं. मागच्या आवारात दारं जशीच्या तशी पडून होती, वर ताडपत्री, ताडपत्रीवर न हललेलं बर्फ. शेजारच्या इमारतीचा आवाज म्हणावा तर शेजारी इमारतच उरली नव्हती. पाइप थंडीनं आकसतात, लाकडी जिने बोलतात, रस्त्यावरून ट्रक गेला की जुनी भिंत कुरकुरते, हे सगळं त्यानं मनातल्या मनात मांडून पाहिलं. त्यातलं काहीच मूठ हलवून बघत नाही.

"चल, दाखव मला तुझं भूत," नॉर्बेर्तो उठला. दोघं वर गेले. नॉर्बेर्तो प्रत्येक चौकटीतून आत-बाहेर करून आला, एका चौकटीत उभं राहून त्यानं हवेतच दार लावल्याचा आविर्भाव केला. "लागलं बघ! बरं झालं, थंडी येत होती." मग झेफेरिनोचा चेहरा बघून तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघ झेफा. उद्या पोरीची पहिली इमारत. तुझ्या पोटात गोळा आलाय, बाकी काही नाही. माझी पोरगी पहिल्यांदा गाडी घेऊन हायवेवर गेली तेव्हा मला रात्रभर ब्रेकचे आवाज येत होते."

हे झेफेरिनोला पटलं. पटवून घेतलं म्हणा. बापाच्या जिवाला काय, घोर लागायला निमित्तच पुरतं. त्यानं वानियाला काही सांगितलं नाही. रात्री जेवताना तिनं विचारलं, "बाबा, आधी छप्पर घेऊ का मागची भिंत?" तेव्हा तो म्हणाला, "मागची भिंत," आणि सूप पीत राहिला.

४

शुक्रवारी सकाळी वानिया पोकलेनवर चढली. केस बांधलेले, हेल्मेट नवंकोरं. नॉर्बेर्तो धुळीवर पाणी मारायचा पाइप घेऊन उभा. ऑफिसातून फोनवर फोन येत होते, पुढच्या आठवड्यात पाइपलाइनवाले येणार, जागा मोकळी पाहिजे. झेफेरिनोनं हात वर केला. इंजिनं बंद झाली.

तो सगळ्यात वर गेला. मागच्या खोलीत उभा राहिला.

"कोणी आहे का आत?"

काही नाही. पुढची खोली. काही नाही. एकेका खोलीत हाक मारत तो जिन्यापाशी आला, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच वर, अगदी मागे, दार लागलं. टक. मूठ हलली.

या वेळी ते तिथे थांबलं नाही. थोड्या वेळानं अलीकडच्या खोलीचं लागलं. मग त्याच्या अलीकडचं. घाई नव्हती. मध्ये चार पावलं टाकायला जितका वेळ लागेल तितकाच जाई आणि मग पुढचं दार लागे, लॅच पडे, मूठ हले. पावलांचा मात्र आवाज नव्हता. झेफेरिनो कठडा धरून उभा होता. 'हे तुझं वय बोलतंय,' त्यानं स्वतःला सांगितलं. 'कान तपासून घे.' पण कान कधी असे क्रमानं वाजत नाहीत.

तो खाली उतरू लागला, आणि त्याच्या मागून तेही उतरू लागलं. मधल्या मजल्यावरून तो गेला की त्या मजल्यावरची दारं एकेक करून लागत. तो धावला नाही, कारण धावलं तर ते आपल्याला गाठेल असं त्याला कुठेतरी वाटत होतं. संध्याकाळी दुकान बंद करणारा माणूस रेंगाळणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मागून दिवे मालवत यावा, तसं त्याच्या मागून कोणीतरी येत होतं.

खाली दुकानात तो मधोमध उभा राहिला. आवाज खालच्या मजल्यावर आला. मागच्या कोठाराचं दार लागलं. मग डावीकडे, मागच्या भिंतीलगत जिन्याच्या पोटाशी, जिथे तपकिरी लाकडी पॅनेलची सलग भिंत होती, तिथे एक दार करकरलं. ओढलं गेलं. लॅच पडली नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा ओढलं. पुन्हा नाही. मूठ हलली, थांबली, हलली. बाकीच्या दारांना होती ती शांतता या हाताला उरली नव्हती. ते दार लागत नव्हतं, आणि ते लागल्याशिवाय पुढे जायचं नाही असा कोणाचातरी हट्ट चालला होता.

त्या भिंतीत दार नव्हतंच. नॉर्बेर्तोनं नव्हे, झेफेरिनोनं स्वतः ती भिंत पाहिली होती.

तो बाहेर आला तेव्हा उजेडानं डोळे दिपले. वानिया वरून बघत होती. हात लिव्हरवर, ओठ घट्ट मिटलेले. त्यानं तळहात पत्र्यावर टेकवला नाही.

"बाबा? रिकामी आहे ना?"

"नाही."

"कोण आहे?"

"ते मला ठाऊक नाही. तू हात काढ त्याच्यावरून. दोन्ही हात मांडीवर ठेव आणि मी सांगेपर्यंत उचलू नकोस." मग तो नॉर्बेर्तोवर खेकसला, "बघत काय राहिलास? पहार आण!"

५

पॅनेल तीन-चार हिसक्यांत निघालं. मागे दार होतं. बुटकं, माणसाच्या खांद्याइतकंच, तपकिरी रंगाचे थरावर थर चढलेलं, आणि चारी बाजूंनी लांब खिळे ठोकून बंद केलेलं. खिळ्यांवरूनही रंग मारलेला.

"आई गं," नॉर्बेर्तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "मी सगळी उतरवली होती, झेफा. देवाशपथ सगळी."

"दारं उतरवली की खोल्या संपल्या, असं धरून चाललो आपण दोघं. ओढ आता."

आत कोळशाची जुनी खोली होती. वर मागच्या गल्लीच्या बाजूला कोळसा ओतायचं भोक, त्यावरचं लोखंडी झाकण बाजूला सरकवलेलं, तिथे आतून पुठ्ठे ओढून घेतलेले आणि त्यांवर नव्यानं पडलेलं बर्फ. बाहेरून बघणाऱ्याला कचऱ्याचा ढिगारा वाटावा. आणि खाली, गोधड्यांच्या आणि पुठ्ठ्याच्या घरट्यात, एक बाई. तोंड तापानं लाल, ओठ फुटलेले, श्वास घरघरत होता. झेफेरिनोनं तिच्या गालाला हात लावला तेव्हा तिनं डोळे किलकिले केले.

"झाली का वेळ दुकान बंद करायची?" ती म्हणाली. "उठते हो. किती वेळा सांगता. उठतेच आहे."

झेफेरिनोनं आपला कोट काढून तिच्याभोवती गुंडाळला आणि दोघांनी मिळून तिला बाहेर आणलं. तिचं नाव डार्लीन, हे अँब्युलन्समधल्या पोरानं तिच्याकडून काढून घेतलं. न्यूमोनिया असावा, तो म्हणाला, पण वेळेवर सापडली, निभावेल.

वानिया मशीनवरून उतरली नव्हती. सांगितल्याप्रमाणे हात मांडीवर ठेवून बसली होती. झेफेरिनो वर चढला तशी ती त्याच्या गळ्यात पडली. "मी मागची भिंत घेणार होते बाबा," ती हुंदके देत म्हणाली. "तिथूनच. पहिली बकेट तिथेच पडली असती."

"नाही पडली ना. नाही पडली बाळा."

त्याचे डोळे भरून आले. देवाचे आभार, त्या बाईच्या नशिबाचे आभार, आणि ज्याचं नावही घेता येणार नाही अशा त्या हाताचे आभार, सगळं एकदमच दाटून आलं.

नॉर्बेर्तो दुपारपर्यंत त्या दाराचे खिळे हातात घेऊन बसला होता. "हे माझ्या जन्माआधीचे आहेत," शेवटी तो म्हणाला. "मग त्या भिंतीमागे दार आहे, हे तुला कळलं कसं? ऐकलंस काय तू?"

"बाई खोकली असेल."

"खोकल्याला लॅच असते का रे?" पण तो हसला नाही, आणि पुढे त्यानं विचारलंही नाही. ते बुटकं दारही त्यानं बिजागऱ्यांतून उतरवलं आणि आवारात नेऊन बाकीच्यांवर ठेवलं.

६

पोलीस, चौकशी, कोळशाचं भोक सिमेंटनं बुजवणं, यात शनिवार-रविवार गेला. सोमवारी पहाटे झेफेरिनो निघाला तेव्हा त्याची बायको देओलिंदानं त्याच्या हातात गोड पावाचा गोल ठेवला, गरम, फडक्यात गुंडाळलेला. गावाकडे नवस फेडताना, कोणाचे उपकार मानताना हाच पाव वाटतात. त्यानं तिला गोष्ट अर्धीच सांगितली होती, पण बायकोला अर्ध्यातच सगळं कळतं.

"कोणी का असेना," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं जाऊ नका."

इंजिनं बंद झाली. आज नॉर्बेर्तोनं हेल्मेटही काढून हातात धरलं होतं. झेफेरिनो आत गेला, पाव दुकानाच्या काचेमागच्या कट्ट्यावर ठेवला आणि मधोमध उभा राहिला. रिकाम्या दुकानाशी बोलायची त्याला सवय नव्हती.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. पण फार मोठे उपकार झाले तुमचे. त्या बाईवर झाले, आणि माझ्या पोरीवर तर जन्माचे झाले. आम्ही तुमचं दुकान पाडतोय, त्याची माफी असावी. इथे आता ट्राम येईल. माणसं उतरतील, चढतील. वर्दळ राहील."

तो वर गेला, हाका मारल्या, खोल्या पाहिल्या. वरच्या मजल्यावर काही झालं नाही आणि त्याला हायसं वाटलं. जिना उतरताना मधल्या मजल्याच्या वळणावर तो थांबला. कशाला थांबला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं मान वर केली.

जिन्याच्या वर, पहिल्या चौकटीच्या कडेला, हात होता. मनगटापर्यंत शर्टाची पांढरी बाही, बटण लावलेलं. बाकी सगळं भिंतीआड. बोटं हवेत, कमरेच्या उंचीवर, एखादी गोल मूठ धरल्यासारखी वळलेली होती. हात म्हाताऱ्या माणसाचा होता, नखं स्वच्छ कापलेली. तो ओढत नव्हता. थांबला होता. समोरचा माणूस खाली उतरून जाईपर्यंत सौजन्यानं थांबला होता.

झेफेरिनोनं मान खाली घातली आणि पायऱ्या उतरला, एकेक, भिंतीला धरून. मागे दार लागलं. टक. मूठ हलली. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं, आणि खाली आल्यावर कोठाराचं, आणि मग जिन्याच्या पोटातलं ते बुटकं दारही, पहिल्याच झटक्यात, सुखानं लागलं. झेफेरिनो रस्त्याकडच्या चौकटीतून बाहेर फुटपाथवर पडला आणि वळला. त्याच क्षणी ती चौकट, जिच्यात काहीच नव्हतं, ती बंद झाली. हवेचा झोत त्याच्या तोंडावर आला. लॅच पडली. मूठ एकदा हलली.

दार आतून लावलं का बाहेरून, हे त्याला कळलं नाही.

७

"बाबा, रिकामी आहे ना?"

वानिया वाट बघत होती. झेफेरिनोनं तळहात पत्र्याकडे नेला आणि न टेकवताच मागे घेतला. खोल्या त्यानं पाहिल्या होत्या. कोणी नव्हतं. शपथेवर सांगता आलं असतं. पण ज्यानं त्याच्या पोरीचा हात वाचवला होता तो आतच राहिला असेल, तर त्याच्यावर पहिला घाव त्याच पोरीच्या हातून पडला असता.

"उतर खाली," तो म्हणाला. "आज मी बसतो."

"का? मी चुकले का कुठे?"

"तू कुठेच चुकली नाहीस."

"मग आत कोणी आहे का?"

"मी शब्द देऊ शकत नाही, वानिया. नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणता येत नाही. असला शब्द मी तुझ्या हातात नाही देणार. काही असेलच तर माझ्या माथी असू दे."

तिला राग आला होता, ते दिसत होतं. पहिली इमारत होती तिची. पण तिनं बापाचे हात पाहिले आणि मुकाट्यानं उतरली. नॉर्बेर्तोनं पाइप तिच्या हातात दिला आणि कधी नव्हे ते काही टोमणा मारला नाही.

झेफेरिनोनं मागून सुरुवात केली. बकेट इतकी हळू टेकवली की विटा एकेक करून निसटल्या. वरचा मजला, मधला मजला, जिना. प्रत्येक घावाआधी तो इंजिन खाली आणून ऐकायचा. ओरडणं नाही, कण्हणं नाही, नुसतं विटांचं घरंगळणं आणि वानियाच्या पाण्याचा फवारा. रस्त्याकडची बाजू त्यानं शेवटपर्यंत राखली, आतल्याला निघायचं असेल तर वाट असावी म्हणून. दुपार कलली तेव्हा मागे नुसता ढिगारा होता आणि पुढे, फुटपाथच्या कडेला, दुकानाची दगडी चौकट तेवढी उभी होती. तिच्यातून आता थेट आकाश दिसत होतं. त्यानं इंजिन बंद केलं.

मग त्यानं ऐकलं. चौकटीत दार उघडलं, पलीकडून ओढलं गेलं. लॅच पडली, मूठ हलली. आणि या खेपेला त्यानंतर किल्ली फिरली. रस्त्याच्या बाजूनं.

कुंपणापलीकडे थोड्या अंतरावर बसस्टॉप होता. शाळा सुटलेली पोरं, पिशव्या घेतलेल्या बायका, पाच-सहा माणसं. झेफेरिनो बघत असताना ती माणसं जरा सरकली. कोणी एकमेकांकडे पाहिलं नाही, कोणी बोलणं थांबवलं नाही, पण सगळ्यांनी मिळून एका माणसापुरती जागा केली. बस आली. पोरं चढली, बायका चढल्या. स्टॉप मोकळा झाला. ड्रायव्हर दार लावणार एवढ्यात थांबला. म्हाताऱ्यांना चढता यावं म्हणून या बसगाड्या पुढून खाली झुकवता येतात. ती बस सुस्कारा टाकून झुकली आणि तशीच थांबून राहिली, पायऱ्या सावकाश चढणाऱ्या कोणाला जितका वेळ लागेल तितका वेळ. मग सरळ झाली, दार लागलं आणि ती पूर्वेकडे निघून गेली.

"हा कोणासाठी थांबला होता?" वानियानं विचारलं. ती पाइप हातात धरून उभी होती, पाणी तिच्या बुटांवर सांडत होतं.

झेफेरिनोनं हेल्मेट काढलं. त्याला हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते. त्यानं ते पुसायचा प्रयत्नही केला नाही. "दमलेलं असेल कोणी," तो म्हणाला. "भलं होवो त्याचं." मग मशीनवरून उतरला, पोरीच्या हातातला पाइप घेतला आणि पोकलेनकडे मान हलवली.

"चढ. राहिलेलं तू पाड."